दोघे मिळून एकटे

मराठीत त्या दोघांना वेगवेगळी नावंच नाहीत, इथूनच माझी अडचण सुरू झाली. इंग्रजीत एक फ्रॉग आणि दुसरा टोड. आपल्याकडे दोघेही बेडूक. जीवशास्त्राच्या पुस्तकात टोडला 'भेक' म्हणतात खरं, पण भेक म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. पावसाळ्यात न्हाणीघराच्या कोपऱ्यात येऊन बसणारा, गाठीगाठींच्या अंगाचा, उडी मारायचाही कंटाळा असलेला तो बेडूक; आणि विहिरीच्या काठावरून डुबुक्कन पाण्यात जाणारा, लांब टांगांचा, तुकतुकीत, तोही बेडूकच. भावाच्या मुलीला गोष्ट सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. शेवटी तिनेच निकाल लावला. "आत्या, एक हिरवा आणि एक मातकट."

ती माझ्याकडे नाही, चित्राकडे बघत होती. ते पातळसं, चौसष्ट पानांचं पुस्तक मी कधीतरी फाउंटनच्या फुटपाथवरच्या ढिगातून उचललं होतं. अनेक वर्षांत अनेकदा वाचलंही होतं. पण आर्नल्ड लोबेल या माणसाने सगळा संसार हिरव्या आणि मातकट या दोन रंगांवर थाटलाय, हे माझ्या नीट लक्षात आलं नव्हतं. पोरीला दोन मिनिटं लागली.

हे दोन रंग निव्वळ आवड म्हणून आलेले नाहीत. 1970 साली 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स' निघालं तेव्हा असल्या स्वस्त, छोट्या पुस्तकांना पूर्ण रंगीत छपाई परवडत नसे. काळ्याशिवाय एकदोन शाया मिळत, त्यांत भागवायचं. शिवाय रंग वेगळे करण्याचं कामही चित्रकारानेच करायचं. म्हणजे काळ्या रेषांचं एक चित्र, हिरव्या शाईसाठी दुसरा कागद, तपकिरीसाठी तिसरा. एकेका कागदावर पाहिलं तर नुसते डाग आणि छटा. छापखान्यात हे सगळे एकावर एक नेमके बसले, की मग झाड दिसतं, दिवा दिसतो, बेडूक दिसतो. ज्याला हिरवा आणि तपकिरी एवढेच रंग मिळणार आहेत, त्याने एक हिरवा प्राणी आणि एक तपकिरी प्राणी शोधावा, यात व्यवहार आहे. पण मग त्या हिरव्याची शाई तपकिरीच्या घरातल्या सावलीत उतरते, तपकिरीची शाई हिरव्याच्या दारापुढच्या पाऊलवाटेवर जाते, आणि एकाच पानावर दोघेही एकमेकांच्या रंगात राहतात. हा व्यवहार उरत नाही.

काळही लक्षात घ्यायला हवा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत मोठा वाद झाला होता की शाळेतली वाचनपाठाची पुस्तकं इतकी कंटाळवाणी आहेत की मुलं वाचायला शिकणार कशी. त्यातूनच 1957 साली डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' आलं. त्यात वेगवेगळे शब्द फक्त 236. त्याच वर्षी हार्पर या प्रकाशनसंस्थेने 'आय कॅन रीड' ही माला सुरू केली. पहिलं पुस्तक 'लिटल बेअर', चित्रं मॉरिस सेंडॅकची. नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला एकट्याने वाचता यावं म्हणून सोपे शब्द, मोठा टाइप, आखूड ओळी. ओळ कुठेही तोडायची नाही. जिथे श्वास थांबतो तिथेच तोडायची. लोबेलची फ्रॉग आणि टोडची चारही पुस्तकं या मालेतली. 1970, 1972, 1976 आणि 1979. प्रत्येकात पाच गोष्टी, म्हणजे सगळ्या मिळून वीस. एवढाच ऐवज.

स्यूस यांना शब्दांची मर्यादा मिळाली आणि त्यांनी शब्दांचा धुडगूस घातला. यमकं, उड्या, पडझड. लोबेलला तीच मर्यादा मिळाली आणि त्याने आवाज खाली आणला. मला स्यूस आवडतात, पण रात्री दहा वाजता नाही.

आता 'पत्र' ही गोष्ट घेऊ. पहिल्या पुस्तकातली शेवटची.

टोड घरापुढे ओसरीवर बसलाय. (पोर्चला मी ओसरी केलं. माझ्या आजोळी तिथेच बसून पोस्टमनची वाट बघत.) फ्रॉग येतो, चेहरा पाहतो, काय झालं विचारतो. टोड सांगतो, की ही दिवसातली माझी दुःखी असण्याची वेळ. कारण ही टपालाची वेळ, आणि मला कधीच कुणाचं पत्र येत नाही. टपालपेटी रोज रिकामी. मग फ्रॉगही त्याच्या शेजारी बसतो.

इथे एक वाक्य आहे. दोघे ओसरीवर बसले, दुःखी होऊन, एकत्र. इंग्रजीत हा 'एकत्र' वाक्याच्या अगदी टोकाला येतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे तो टोकाला ठेवता येत नाही. 'दोघे मिळून' असं पुढे ओढून आणावं लागतं आणि शेवट 'बसले' वर होतो. पहिल्यांदा सांगताना मी ते सरळ करून टाकलं. पुढे ते वाक्य मला परत बोलावणार होतं.

फ्रॉग घाईघाईने घरी जातो. कागद-पेन्सिल शोधतो, पत्र लिहितो, पाकिटात घालतो, आणि बाहेर ओळखीची गोगलगाय भेटते तिच्या हाती देतो. एवढं टोडच्या घरी पोचव, त्याच्या पेटीत टाक. गोगलगाय म्हणते, लगेच. ती लगेच निघते, यात शंका नाही. गोगलगाय आपल्या भाषेत बिचारी उगाच बदनाम आहे, 'गोगलगाय नि पोटात पाय'. लोबेलच्या गोगलगाईच्या पोटात काही नाही. तिच्या मते ती भरभर चालली आहे.

फ्रॉग परत टोडकडे. टोड पलंगावर पडलाय. ऊठ, थोडी वाट बघू या. नको, कंटाळा आला. फ्रॉग खिडकीतून पेटीकडे बघतो, गोगलगाय नाही. अरे, काय सांगावं, कुणी पत्र पाठवलंही असेल. नाही, कुणी पाठवणार नाही. फ्रॉग पुन्हा खिडकीशी, गोगलगाय नाही. आज पाठवलं असेल तर? वेडेपणा करू नकोस, आजवर कुणी पाठवलं नाही आणि आजही पाठवणार नाही. पुन्हा खिडकी. प्रत्येक फेरीला शब्द जवळपास तेच, आणि त्या तेच-तेचपणातच सगळी गंमत आहे. नुकतं वाचायला शिकलेलं मूल दुसऱ्या फेरीला पुढचं वाक्य ओळखतं, आणि तिसऱ्या फेरीला पात्रांच्याही पुढे जातं. पत्र कुठे आहे हे मुलाला माहीत आहे, फ्रॉगला माहीत आहे, माहीत नाही ते फक्त पलंगावर पडलेल्याला.

मग टोडच विचारतो, तू सारखा खिडकीतून काय बघतोयस? आणि फ्रॉग सांगून टाकतो. मी तुला पत्र पाठवलंय. काय लिहिलंयस? तेही सांगतो. तू माझा जिवलग मित्र आहेस याचा मला आनंद आहे, अशा अर्थाचे दोनच शब्द, खाली 'तुझा जिवलग मित्र'. टोड विचार करतो आणि म्हणतो, पत्र फार चांगलं झालंय.

म्हणजे गुपित फुटलं, मजकूर कळला, अभिप्रायही देऊन झाला. कुठलाही दुसरा लेखक इथे थांबला असता, नाहीतर गोगलगाय दारात आणून उभी केली असती. लोबेल त्या दोघांना पुन्हा ओसरीवर बसवतो. पहिल्या चित्रासारखंच चित्र. तीच जागा, तसेच शेजारी शेजारी. आणि तेच वाक्य, एकच शब्द बदलून: या खेपेला आनंदी होऊन, एकत्र. ते बराच वेळ वाट बघत बसतात. चार दिवसांनी गोगलगाय येते, पत्र देते. टोडला फार बरं वाटतं. संपली गोष्ट.

"चार दिवस तिथेच बसले होते?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, बहुतेक. "जेवायला?" मला सांगता येईना. थोड्या वेळाने तिने खरा प्रश्न विचारला: "पण त्यात काय लिहिलंय ते माहितीच होतं ना?"

होतं. म्हणूनच ते बसू शकले. मजकूर माहीत नसता तर ती उत्सुकता झाली असती, आणि उत्सुकतेला चार दिवस पेलवत नाहीत. इथे दोघेही एकाच गोष्टीची वाट बघतायत, ज्याने पाठवलं तोही आणि ज्याला यायचं तोही. असा प्रेषक मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेला नाही, जो पत्त्यावरच्या घरी जाऊन स्वतःच्याच पत्राची वाट बघतो.

लोबेलच्या गोष्टींत कुणी सुधारत नाही, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात जाणवलं. फ्रॉग शहाणा, शांत, उंच. टोड काळजीखोर, चिडका, बुटका. अशी जोडी असली की शहाण्याने दुसऱ्याला चार गोष्टी शिकवायच्या, हा बालसाहित्याचा जुना रिवाज. आपल्याकडेही तो जोरात आहे. इथे टोड वीस गोष्टींनंतर जसाच्या तसा. 'यादी' या गोष्टीत तो सकाळी उठून दिवसभराच्या कामांची यादी करतो, एकेक काम झालं की खोडतो. मग वाऱ्याने यादी उडते. फ्रॉग म्हणतो, पळ, पकड! टोड म्हणतो, यादीमागे पळणं यादीत लिहिलेलं नाही. फ्रॉग बिचारा टेकड्या-दलदली तुडवत पळतो, यादी सापडत नाही. दिवसभर दोघे नुसते बसून. अंधार पडल्यावर टोडला यादीतलं शेवटचं काम आठवतं: झोपणे. तो काठीने मातीत तेवढं लिहितो, खोडतो, आणि समाधानाने झोपतो. बोध शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. मी स्वतः झालेली कामं यादीत मागाहून लिहून मग खोडते, तेव्हा मला तर टोडची बाजू पूर्ण पटते.

आणि 'पोहायला जाणे'. ती गोष्ट मला सगळ्यांत धीट वाटते. टोडला पोहण्याचा पोशाख घातल्यावर आपण विचित्र दिसतो याची लाज. तो फ्रॉगला बजावतो, मी पाण्यात शिरेपर्यंत बघायचं नाही. मग एक कासव येतं. फ्रॉग त्याला जायला सांगतो, कारण टोड विचित्र दिसतो. हे ऐकून सरडे थांबतात, साप थांबतो, चतुर थांबतात, शेतातला उंदीरही. सगळ्यांना बघायचंय. टोड पाण्यातच बसून राहतो. बाहेर यायचं नाही म्हणजे नाही. थंडी वाजू लागते, शिंका येऊ लागतात, आणि अखेर तो बाहेर येतो. सगळे हसतात. फ्रॉगही हसतो.

फ्रॉगही! इथे मी पहिल्यांदा वाचताना थबकले होते. टोड विचारतो, तू कशाला हसतोस? फ्रॉग म्हणतो, कारण तू खरंच विचित्र दिसतोस. टोड म्हणतो, दिसतोच. कपडे उचलतो आणि घरी जातो. ना क्षमा, ना समजूत, ना 'सगळे आपापल्या परीने सुंदर असतात' असलं काही. चित्रात तो पट्टेरी पोशाखातला टोड पाय आपटत निघालाय आणि त्याची पाठ ताठ आहे. पुढच्या गोष्टीत दोघे पुन्हा मित्रच आहेत. मैत्रीत एवढं चालतं, हे मुलांना माहीत असतं. सांगायला घाबरतात ते मोठे.

याचा अर्थ फ्रॉग निष्ठुर आहे असा नव्हे. 'हरवलेलं बटण' मध्ये तो टोडबरोबर सगळा माळ, सगळं रान पालथं घालतो. वाटेत ज्याला त्याला बटणं सापडतात, पण एक काळं, एक दोन भोकांचं, एक चौकोनी, एक लहान, एक पातळ. टोडचं एकही नाही. शेवटी ते सापडतं घरातच, जमिनीवर. टोडला ओशाळं वाटतं. तो रात्री बसून ती सगळी परकी बटणं आपल्या जाकिटाला शिवतो आणि दुसऱ्या दिवशी ते फ्रॉगला देतो. चित्रात त्या जाकिटावर बटणांना शिस्तच नाही. जिथे जागा मिळेल तिथे. शिवणारा टोड आहे हे सांगायला शब्द लागत नाहीत.

लोबेलचा जन्म 22 मे 1933 चा, लॉस एंजेलिसचा. आईवडील विभक्त झाले आणि तो न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी गावी आजी-आजोबांकडे वाढला. लहानपणी आजारपणात दुसरीचं जवळजवळ सगळं वर्ष बुडालं. एवढ्या काळाने शाळेत परतलेल्या मुलाला जुने सवंगडीही नवखे वाटतात. चित्रं काढून, गोष्टी सांगून त्याने वर्गात जागा मिळवली. पुढे ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकला. तिथे अनिता केम्पलर भेटली. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातली, नाझींच्या छळछावणीतून वाचलेली मुलगी. 1955 साली लग्न झालं. तीही पुढे नावाजलेली चित्रकार झाली. दोघं एकाच घरात बसून आपापली पुस्तकं रेखाटत. 1961 पासून लोबेल दुसऱ्यांच्या पुस्तकांना चित्रं देत होता, 1962 पासून स्वतःची लिहीत होता. एकूण हिशेब केला तर शंभराच्या आसपास पुस्तकांवर त्याचा हात फिरलाय. बहुतेक विसरली गेली, आणि ते अन्यायाचं आहे असं मला वाटत नाही.

या दोन बेडकांपाशी येऊन काहीतरी बदललं. आधीची पुस्तकं तो मुलांना काय आवडेल याच्या अंदाजाने लिही. इथे पहिल्यांदा आपण स्वतःबद्दल लिहिलं, फ्रॉग आणि टोड या माझ्याच दोन बाजू, असं तो पुढे सांगत असे. हे वाचल्यावर त्या दोन शायांकडे मी पुन्हा पाहिलं. एकाच माणसाने स्वतःचे दोन कागद वेगळे केले होते.

1972 च्या पुस्तकाचं नावच 'फ्रॉग अँड टोड टुगेदर'. या पुस्तकाला न्यूबेरी सन्मान मिळाला. तो पुरस्कार लेखनाचा, आणि नवशिक्या वाचकांच्या पुस्तकाला तो क्वचितच मिळतो. पहिल्या पुस्तकाला चित्रांसाठीचा कॅल्डेकॉट सन्मान मिळाला होता. त्या दुसऱ्या पुस्तकात 'ड्रॅगन आणि राक्षस' नावाची एक गोष्ट आहे. दोघे पुस्तक वाचतात, त्यातले वीर बघतात, आणि आपण शूर आहोत का ते तपासायला निघतात. साप भेटतो, दरड कोसळते, ससाणा झेप घेतो. प्रत्येक वेळी दोघे 'आम्ही घाबरत नाही' असं ओरडत पळतात. घरी पोचल्यावर टोड पांघरुणात, फ्रॉग कपाटात. आणि मग तेच वाक्य परत येतं. ते बराच वेळ तसेच राहिले, फार शूर वाटत, एकत्र.

मी पुस्तकं समोर पसरून बसले. दुःखी, एकत्र. आनंदी, एकत्र. शूर, एकत्र. म्हणजे हा माणूस एकच छोटा शब्द घेऊन फिरतोय आणि ज्या ज्या भावना एकट्याने सोसायच्या असतात, त्यांच्या शेपटीला तो लावून बघतोय. कपाटात बसलेल्याला आणि पांघरुणातल्याला एकमेक दिसतसुद्धा नाहीत. तरी एकत्र.

दोस्तीच्या या पुस्तकांबाहेरचा लोबेल जास्त एकाकी आहे. 1975 चं 'आउल अ‍ॅट होम' हे एकट्या घुबडाचं पुस्तक. त्यातलं घुबड एका संध्याकाळी आसवांचा चहा करायला बसतं. किटली मांडीवर घेऊन दुःखी गोष्टी आठवायच्या: चुलीमागे पडलेले आणि पुन्हा कधी न दिसलेले चमचे, सगळे झोपले म्हणून कुणीच न पाहिलेल्या सकाळी, लिहून लिहून हातात धरता येत नाहीत इतक्या बुटक्या झालेल्या पेन्सिली. किटली भरते, घुबड चहा पितं, जरासा खारट पण चांगला. आणखी एका गोष्टीत त्याला घराच्या वर आणि खाली एकाच वेळी असायचंय. ते जिन्यावरून धावत सुटतं आणि शेवटी दमून मधल्या पायरीवर बसतं. घरात बोलायला दुसरं कुणी नसलं की जिना असा वापरावा लागतो.

आणि 1980 चं 'फेबल्स'. वीस प्राणिकथा, एकेका पानाच्या, समोर पानभर रंगीत चित्र, खाली तात्पर्य. सगळे रंग वापरायला मिळाले आणि 1981 चं कॅल्डेकॉट पदक याच पुस्तकाला मिळालं. चित्रं देखणी आहेत, तात्पर्यं मिश्किल आहेत. तरी मला गंमत वाटते, की ज्या लेखकाने तात्पर्याशिवाय मुलांशी बोलता येतं हे दाखवलं, त्याला मोठं पदक तात्पर्यांच्या पुस्तकावर मिळालं. घरी जे पुस्तक वाचून वाचून मोडकळीला आलंय ते दुसरंच, दोन शायांचं.

1974 साली लोबेलने घरच्यांना सांगितलं, की आपण समलिंगी आहोत. दोन मुलं होती, संसार होता. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पतिपत्नी वेगळे झाले. त्याची मुलगी अ‍ॅड्रियन रंगभूमीची नेपथ्यकार. वडिलांच्या या गोष्टींवरचं संगीत नाटक तिच्याच पुढाकाराने झालं आणि 2003 मध्ये ब्रॉडवेवर लागलं. तिने नंतर असं म्हटलंय, की वडिलांचं मोकळं होणं या बेडकांच्या पुस्तकांपासूनच सुरू झालं असावं. दोन नर, एकमेकांवर जीव असलेले, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. हे कळल्यावर पुस्तकं पुन्हा वाचली. वेगळं काही दिसलं का? मला नाही दिसलं. गोष्टीत तसं कुठे लिहिलेलं नाही, आणि लपवलेलंही नाही. मात्र त्यांतली नाताळच्या आदल्या रात्रीची गोष्ट वाचवेना. फ्रॉगला यायला उशीर झालाय, टोडच्या डोक्यात नाही नाही ते विचार: तो खोल खड्ड्यात पडला असेल, रानात वाट चुकला असेल, कुणी दातांचा मोठा प्राणी मागे लागला असेल. टोड दोर घेतो, कंदील घेतो, आणि त्या प्राण्याला मारायला तवा घेतो. तो धावत बाहेर पडतो तर फ्रॉग दारात. भेट म्हणून आणलेलं घड्याळ गुंडाळायला वेळ लागला एवढंच. टोडचं घड्याळ बंद पडलेलं होतं ना.

लोबेल 4 डिसेंबर 1987 ला न्यूयॉर्कमध्ये गेला. एड्स झाला होता. वय 54. त्या वर्षांत त्या शहरात अशी किती माणसं गेली, आणि कितीजण दोर-कंदील घेऊन दाराशी उभे राहिले असतील.

चौथ्या पुस्तकातली शेवटची गोष्ट 'एकटा'. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पत्र होतं, इथे सुरुवातीलाच चिठ्ठी आहे. टोड फ्रॉगच्या घरी जातो तर दारावर चिठ्ठी: मी घरी नाही, मला एकटं राहायचंय. टोडला कळेना. मी मित्र असताना याला एकटं का राहायचंय? शोधतो तर फ्रॉग दूर नदीतल्या बेटावर पाठमोरा बसलेला. नक्की दुःखी असणार. टोड घरी जाऊन सँडविचं करतो, थंड चहाचा चंबू भरतो, आणि कासवाच्या पाठीवर बसून निघतो. वाटेत कासव विचारतं, त्याला एकटं राहायचंय तर तू कशाला जातोस? टोड म्हणतो, खरंय, त्याला मी नकोच असेन, त्याला माझी मैत्रीच नको असेल. कासव म्हणतं, असेलही. या 'असेलही' ला मी त्या कासवाला कधी क्षमा केलेली नाही.

बेटाजवळ येताच टोड तिथूनच ओरडून माफी मागतो, आजवर केलेल्या सगळ्या मूर्खपणाबद्दल. आणि घसरून पाण्यात पडतो. फ्रॉग त्याला ओढून वर घेतो. सँडविचं भिजली, चहा गेला. टोड रडकुंडीला येऊन सांगतो, तुला बरं वाटावं म्हणून आणलं होतं. फ्रॉग म्हणतो, अरे पण मला बरंच वाटतंय. सकाळी उठलो तर ऊन पडलेलं, मी बेडूक आहे, तू माझा मित्र आहेस. हे सगळं किती छान आहे याचा विचार करायला मला एकटं बसायचं होतं.

मग शेवटचं वाक्य. दोघे जवळचे मित्र, एकटे बसलेले, एकत्र. पुन्हा तोच शब्द, पुन्हा अगदी टोकाला, आणि या खेपेला अशा विशेषणाशी जोडलेला की व्याकरणाने हात टेकावेत. मी 'दोघे मिळून एकटे बसले' असं म्हणून पाहिलं. आपल्याकडे 'एकटादुकटा' म्हणतात, तेही आठवलं. त्यात दोन आहेत खरे, पण ते शब्द फक्त धाक घालायला वापरतात: एकट्यादुकट्याने जाऊ नये. भाचीला 'दोघे मिळून एकटे' चाललं. तिने चित्रावर बोट ठेवून बघितलं. दोन पाठमोऱ्या आकृती, एक लांबट, एक गोल, भोवती पाणी.

तिचा प्रश्न निराळाच होता. ओलं सँडविच कसं लागतं?

दुसऱ्या दिवशी डब्यातला उरलेला ब्रेडचा तुकडा तिने पाण्याच्या वाटीत बुडवला आणि खाऊन पाहिला. "बरा लागतो," म्हणाली, आणि अर्धा मला दिला.